नोकरी सोडण्याचं कारण

इंदूरच्या मिल भागात, म्हणजे परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर या पट्ट्यात, एखाद्या जुन्या माणसासमोर ५,८९५ हा आकडा नुसता उच्चारला तरी पुढचं तो आपण होऊन सांगतो. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली, तेव्हा तिच्या पटावर एवढे कामगार होते. इतक्या वर्षांनंतरही आकडा शेवटच्या माणसापर्यंत पाठ आहे. आपल्याकडे असं फार क्वचित घडतं.

त्याच महिन्यात त्या मिलमुळे आणखी किती जणांचं काम गेलं, हे मात्र कुणीही सांगू शकणार नाही. पटावर न आलेले बदली कामगार, गेटसमोरचे चहावाले, पाळी सुटायच्या वेळी भाजी घेऊन बसणाऱ्या बायका, गाठी वाहणारे हातगाडीवाले, कामगारांना उधारीवर किराणा देणारी दुकानं. यांचा हिशेब कुणी ठेवला नाही, कारण त्यांचं देणं कुणावरच नव्हतं. एखाद्या शहराची रोजगाराची प्रकृती कशी आहे हे ठरवताना मला हा फरक सारखा आठवतो. गेलेल्या कामाची मोजदाद आपल्याकडे फक्त तिथे होते, जिथे माणसाचं काहीतरी देणं निघतं.

माझी सगळी नोकरी पी.एफ. आणि ई.एस.आय.ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची आणि कामगार विम्याची, कामं बघणाऱ्या एका छोट्या कन्सल्टन्सीत झाली. सांवेर रोड, पोलो ग्राउंड आणि पीथमपूरचे लहानमोठे कारखाने आमचे ग्राहक. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पी.एफ. ऑफिसात फॉर्म जायचे. नवे लागलेले लोक फॉर्म पाचमध्ये, सुटलेले फॉर्म दहामध्ये. फॉर्म दहा म्हणजे एक आडवा कागद. खाते क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, नोकरी सुटल्याची तारीख, आणि मग एक रकाना: नोकरी सोडण्याचं कारण.

त्या रकान्याखाली बारीक अक्षरात सूचना छापलेली असे. माणूस निवृत्त झाला का, कायमचा परदेशी गेला का, त्याला मालकाने कपातीत कमी केलं का, गैरवर्तनासाठी काढला का, त्याने राजीनामा दिला का, दुसरीकडे कामाला लागला का, वारला का. दुसरीकडे लागला असेल तर नव्या मालकाचं नाव आणि पत्ताही द्या, असंही त्यात होतं. ज्याने कुणी तो फॉर्म आखला त्याला श्रमबाजार म्हणजे काय हे नेमकं कळलेलं होतं, असं मला आजही वाटतं. माणूस का सुटला आणि कुठे गेला, या दोनच गोष्टी तर विचारायच्या असतात.

प्रत्यक्षात तो रकाना कसा भरला जायचा, ते सांगते. कारखान्यातून यादी यायची, बहुतेक वेळा हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली. नावं आणि तारखा असत, कारण नसे. फोन केला की पलीकडून एकच उत्तर, "लिहा ना मॅडम, लेफ्ट सर्व्हिस." एकाच तारखेला बारा माणसं 'लेफ्ट सर्व्हिस' झालेली. बारा जणांना एकाच दिवशी आपापल्या मनाने नोकरी सोडाविशी वाटेल का? पण 'कपात' लिहिलं की औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-एफ उभं राहायचं: एक महिन्याची नोटीस, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, सरकारला कळवणं. 'लेफ्ट सर्व्हिस' लिहिलं की यातलं काही नाही. म्हणून तो रकाना रिकामा नसायचा, पण त्यातून काही कळायचंही नाही. आमच्या ऑफिसातले सगळ्यांत ज्येष्ठ काका, ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते असा फॉर्म पुढे आला की चष्मा काढून बाजूला ठेवायचे आणि नावं एकेक करून वाचायचे. बोलायचे काही नाहीत. मग शिक्का मारायचे.

एप्रिल २०१२ पासून कागद गेले, विवरण ऑनलाइन झालं. २०१४ मध्ये यू.ए.एन. आला, म्हणजे माणूस कितीही कारखाने बदलो, त्याचा क्रमांक एकच. हे फार मोठं काम झालं, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण नोकरी सुटल्याची तारीख टाकताना कारणाची जी यादी आता पुढे येते तिच्यात निवृत्ती आहे, मृत्यू आहे, कायमचं अपंगत्व आहे आणि उरलेल्या सगळ्यांसाठी एकच पर्याय आहे: 'सेसेशन (शॉर्ट सर्व्हिस)', म्हणजे नुसतं 'सेवा संपली'. दुप्पट पगारावर पुण्याला गेलेली मुलगी आणि लाइन बंद झाली म्हणून घरी बसलेला पन्नाशीचा फिटर, दोघंही त्या एकाच ओळीत. जुन्या कागदावर निदान प्रश्न तरी विचारलेला होता.

याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. दर महिन्याला बातमी येते की देशात पी.एफ.चे इतके लाख सदस्य वाढले. हे आकडे एप्रिल २०१८ पासून नियमित प्रसिद्ध होतात आणि ते खरेच असतात. पण ती निव्वळ वाढ असते: नवे आलेले, अधिक परत आलेले, वजा गेलेले. समजा एका गावात महिनाभरात हजार माणसं कामाला लागली आणि नऊशे सुटली. शेजारच्या गावात दोनशे लागली आणि शंभर सुटली. दोन्ही गावांची निव्वळ वाढ शंभरच. पहिल्या गावात काय चाललंय? कदाचित फार चांगलं चाललं असेल, पोरं एक काम सोडून दुसरं, जास्त पगाराचं पकडत असतील. किंवा जुने कामगार काढून त्यांच्या जागी कमी पगाराची, सहा महिन्यांच्या बोलीची पोरं भरली जात असतील. शंभर या आकड्यातून यातलं काहीच समजत नाही. नऊशे या आकड्यातूनही अर्धंच समजतं. खरं कळायचं असेल तर त्या नऊशेंतले किती आपणहून गेले आणि किती काढले गेले, हे हवं.

अमेरिकेत हे वेगळं मोजतात. डिसेंबर २००० पासून तिथलं श्रमसांख्यिकी खातं दर महिन्याला आस्थापनांना विचारतं: किती लोकांनी स्वतः सोडलं, किती जणांना काढलं. स्वतः सोडणारे वाढले तर ते चांगलं लक्षण धरतात, कारण दुसरीकडे काम मिळेल असा भरवसा असल्याशिवाय माणूस हातातलं सोडत नाही. काढलेले वाढले तर ते वाईट. दोन्ही एकाच पोत्यात भरले की एकमेकांना झाकून टाकतात. शिवाय दर गुरुवारी तिथे बेकारी भत्त्यासाठी आदल्या आठवड्यात किती नवे अर्ज आले हे जाहीर होतं, राज्यवार. तिथलंही कारण तेच आहे: भत्ता हे देणं आहे, म्हणून अर्ज आहे, म्हणून मोजदाद आहे.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त बोलला जाणारा आकडा म्हणजे बेरोजगारीचा दर. जुलै २०२३ ते जून २०२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात देशाचा दर ३.२ टक्के होता आणि मध्य प्रदेशचा १ टक्का, राज्यांमध्ये जवळजवळ सर्वांत कमी. शेजारच्या गुजरातचाही १.१. आमच्या इथे वर्तमानपत्रांनी ते आनंदाने छापलं. मला त्या दिवशी आमच्या शेजारचे काका आठवले.

हे काका हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. साचेखात्यात आयुष्य काढलेल्या बहुतेकांसारखे तेही ऐकायला कमी झालेले. मिलच्या त्या गडगडाटात माणसं ओठ बघून बोलणं समजून घ्यायला शिकतात. काका घरीही समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायचे, आणि खूप मोठ्याने. मिल बंद झाली तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. त्यानंतर ते एक दिवसही 'बेरोजगार' नव्हते. सकाळी एका नमकीनवाल्याकडे शेवेची पाकिटं भरायचे, दुपारी कुणाच्या दुकानावर बसायचे. मग एका बिल्डिंगमध्ये रात्रपाळीचे वॉचमन म्हणून लागले. ते काम गेलं, कारण रात्री उशिरा येणाऱ्यांनी गेटवर हॉर्न वाजवला तरी त्यांना ऐकू यायचं नाही. ज्या मिलने कान घेतले तिची भरपाई राहिली बाजूला, त्या कानांपायी पुढची नोकरीही गेली. हे जाणं कुठल्याही नोंदीत नाही. आणि सर्वेक्षणवाले त्या आठवड्यात त्यांच्या दारी आले असते तर काका रोजगारातच धरले गेले असते, कारण मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी चालू साप्ताहिक पद्धतीत माणूस कामावर धरतात. काकांनी तर रोज दोन-दोन ठिकाणी कामं केलेली. काकू रात्री साड्यांना फॉल-पिको करत बसायच्या, त्याही रोजगारात. कमावती माणसं एकाची दोन झाली, घरात येणारे पैसे निम्म्यावर आले, आणि हिशेबात रोजगार वाढला.

गरीब माणसाला बेकार राहणं परवडत नाही. म्हणून बेरोजगारीचा दर कमी असणं हे निरोगी असण्याचं लक्षण आहे असं मी मानत नाही. मला बघायचं असतं ते हे, की ज्याचं काम गेलं त्याला पुढचं काम किती पगाराचं मिळालं.

हेही कुठेतरी मोजलं गेलेलं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादाचे आणि इतर जड उद्योगांचे कारखाने धडाधड बंद झाले. तिथल्या सरकारकडे बेकारी विम्यासाठी प्रत्येक कामगाराच्या तिमाही पगाराची नोंद होती. तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्या नोंदी जोडून पाहिल्या आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. एका ठिकाणी बरीच वर्षं टिकून असलेला कामगार अशा मोठ्या कपातीत निघाला, तर पुढे पाच-सहा वर्षं उलटल्यावरही त्याची कमाई ती कपात झाली नसती तर जितकी असती त्याच्या साधारण चतुर्थांशाने कमीच राहिली. दुसरं काम मिळूनसुद्धा. म्हणजे काम जाणं ही एका दिवसाची घटना नाही. आमच्या काकांनी हे अर्थशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण त्यांच्या घरातला दुधाचा रतीब एक लिटरवरून पाव लिटरवर आला आणि तिथेच राहिला, तो मुलाची नोकरी लागेपर्यंत.

त्याहून जुना अभ्यास ऑस्ट्रियातला आहे. मारिएन्थाल नावाच्या खेड्यात सगळं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९२९-३० मध्ये ती बंद पडली. दीड-दोन वर्षांनी तिथे काही तरुण संशोधक राहायला गेले आणि त्यांनी बेकारांची फक्त संख्या मोजली नाही. खिडकीआड उभं राहून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष हळू चालत होते, वाटेत सारखे थांबत होते. बायका त्यांच्यापेक्षा कितीतरी भरभर चालत होत्या, कारण घरचं काम काही बंद झालेलं नव्हतं. गावच्या वाचनालयाची वर्गणी काढून टाकली होती, लोकांकडे वेळच वेळ होता, तरीही पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. रिकामा वेळ मिळाला की माणूस वाचेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. मिल बंद झाल्यानंतरच्या वर्षांत काका मालवा मिल चौकापर्यंत जायचे आणि परत यायचे. काकू तेवढ्या वेळात भाजी, चक्की, रेशनची रांग आणि शाळेची फी असं सगळं उरकून आलेल्या असायच्या.

आमच्या शहराची प्रकृती नुसत्या डोळ्यांनी तपासली तर फसगत होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला या. कापड मिलच्या कामगारांच्या झांक्या, म्हणजे रोषणाई केलेले फिरते देखावे निघतात, ही परंपरा शंभर वर्षांची आहे. हुकुमचंद, कल्याण, मालवा, राजकुमार, स्वदेशी अशी नावं दिव्यांच्या रोषणाईत पुढे सरकतात आणि लाखभर लोक रात्रभर रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतात. यातली एकही मिल आज चालू नाही. कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी गोळा करतात, कधी सरकारी मदत मिळते, कधी उशिरा मिळते, आणि झांकी निघते. मला त्या रात्री अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू. पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटतं की काय भरभराटीच्या मिल आहेत या गावात.

५,८९५ हा आकडा टिकला तो कामगारांनी टिकवला म्हणून. मिल बंद झाल्यावर ते दर रविवारी मिलच्या आवारात जमत राहिले. खटला चालू होता, देणी थकलेली होती, आणि यादी हाच त्यांचा पुरावा होता. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने २२९ कोटींची देणी ठरवली. पैसे लगेच मिळाले नाहीत, कारण ते मिलच्या सुमारे ४२ एकर जमिनीतून यायचे होते आणि जमिनीचा निकाल लागत नव्हता. शेवटी २५ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीवरून झालेल्या कार्यक्रमात, सुमारे २२४ कोटींचा धनादेश लिक्विडेटर, म्हणजे बंद कंपनीची देणी भागवणारा अधिकारी, आणि कामगार प्रतिनिधी यांच्याकडे दिला गेला. तोवर दोन हजारांहून जास्त कामगार वारलेले होते.

आमचे काकाही त्यांत होते. काकांच्या वारस म्हणून काकूंचा अर्ज भरायला मी बसले होते. एका कापडी पिशवीत सगळं नीट ठेवलेलं: मिलचा पास, ई.एस.आय.चं कार्ड, पिवळ्या पडलेल्या दोन पगारचिठ्ठ्या. मिलच्या रजिस्टरमध्ये काकांचं घरात हाक मारायचं नाव, मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव. दोन्ही माणसं एकच आहेत हे सांगणारं शपथपत्र करावं लागलं. काकूंनी सही करण्याआधी तो कागद दोनदा वाचून घ्यायला लावला. म्हणाल्या, "यांचं नाव कुठे चुकायला नको आता."

मालवा, कल्याण आणि स्वदेशी या मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या होत्या. त्या पुढे बंद झाल्या तेव्हा बहुतेकांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. पैसे मिळाले, ते वेळेवर मिळाले, त्या दृष्टीने ते कामगार सुदैवी. पण कायद्याच्या व्याख्येत स्वेच्छानिवृत्ती ही कपात धरत नाहीत. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २ (ओओ) मध्ये कपातीतून काय काय वगळायचं ते लिहिलेलं होतं: स्वेच्छानिवृत्ती, वयोमानाने निवृत्ती, सततचं आजारपण आणि १९८४ मध्ये घातलेली भर, म्हणजे कराराची मुदत संपून तो पुन्हा न होणं. आज पीथमपूरमध्ये गेटमधून आत जाणारी तरुण पोरं बघा. त्यांतली कितीतरी या शेवटच्या खणात बसतात. त्यांची मुदत संपते. व्याख्येप्रमाणे त्यांची कपात होतच नाही.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत उलटीही चूक होते, ती आमच्यासारख्या विवरण भरणाऱ्यांनाच दिसते. ठेकेदार बदलला की पी.एफ.चा कोड बदलतो. तोच मुलगा, तेच मशीन, तीच पाळी, पण कागदावर जुन्या ठेकेदाराकडून साठ माणसं सुटली आणि नव्याकडे साठ लागली. यू.ए.एन.मुळे ही माणसं 'परत आलेले' म्हणून ओळखता येतात. म्हणजे साधन आपल्या हातात आहे. पेनसिल्व्हेनियात जे पगाराच्या तिमाही नोंदींवरून केलं ते आपल्याकडे मासिक नोंदींवरून करता येईल: अमुक महिन्यात सुटलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांत परत लागले आणि आधीच्या किती पगारावर. कुणाचंही नाव उघड न करता, जिल्ह्यामागे दोन आकडे. असे दोन आकडे दर महिन्याला छापले गेले तर निव्वळ वाढीच्या बातमीपेक्षा मी ते आधी वाचेन.

जिल्ह्यामागे म्हटलं खरं, पण इथेही थोडं थांबायला हवं. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. तिथल्या कारखान्यांत काम करणारे हजारो लोक राहतात इंदूरमध्ये, राऊला, महूला. पहाटे कंपन्यांच्या बसेस राजेंद्रनगरवरून निघतात तेव्हा त्या जिल्ह्याची हद्द ओलांडतात, पण बसमधल्या माणसाला त्याचं काय. पीथमपूरमध्ये कारखाना बंद झाला तर नोंद धारची आणि घराचा हप्ता थकणार इंदूरमध्ये. ब्रिटनमध्ये यासाठी प्रशासकीय हद्दी सोडून वेगळे नकाशे करतात. जिथे राहणाऱ्यांपैकी साधारण पाऊण लोक तिथेच काम करतात, आणि काम करणाऱ्यांपैकी पाऊण लोक तिथेच राहतात, तो एक श्रमबाजार. २०११ च्या जनगणनेवरून त्यांनी असे २२८ भाग पाडले. आमचा भाग असाच आखला तर इंदूर, पीथमपूर, महू आणि बहुधा देवासही एकाच रेघेत येतील. सरकारी श्रमबल सर्वेक्षण २०२५ पासून महिन्याला येऊ लागलंय आणि त्याच्या नमुन्याच्या रचनेत जिल्ह्याला जास्त महत्त्व दिलंय, हे पाऊल मोलाचं आहे. पण दर महिन्याचे आकडे देशाचे असतात. एका कारखान्याच्या बंदीने हादरलेला तालुका त्यात दिसत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात यंग्सटाउन नावाचं पोलादाचं गाव आहे. १९ सप्टेंबर १९७७ या सोमवारी तिथल्या कारखान्याने बंदी जाहीर केली आणि सुमारे पाच हजार माणसांचं काम गेलं. तिथे तो दिवस 'काळा सोमवार' म्हणून लोकांच्या लक्षात आहे, जसा आमच्याकडे १२ डिसेंबर. अशा बंद्यांच्या दशकभरानंतर, १९८८ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला: शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने मोठी कपात करण्याआधी साठ दिवस लेखी सूचना द्यायची. सूचना कामगारांना, राज्याला आणि स्थानिक प्रशासनाला. आज बहुतेक राज्यं त्या सूचना सरळ प्रसिद्ध करतात: कंपनी, गाव, किती माणसं, कोणत्या तारखेपासून. कुठल्याही किराणा दुकानदाराला, शाळेच्या मुख्याध्यापकाला ते वाचता येतं.

आपल्याकडे कायदा दुबळा होता असं नाही. उलट अनेक बाबतींत तो कडक होता. मोठ्या कारखान्याला बंदीसाठी नव्वद दिवस आधी सरकारची परवानगी मागावी लागे, पन्नासवर कामगार असलेल्याला साठ दिवस आधी कळवावं लागे. पण ती परवानगी आणि ती सूचना फायलीत राही. श्रमायुक्तांचं मुख्यालय आमच्या इंदूरमध्येच आहे, तरी इंदूरकराला आपल्या गावात कोण बंद होणार हे कळे ते गेटवर नोटीस लागल्यावर. लेबर ब्युरोचा बंद्यांचा आणि कपातींचा वार्षिक अहवाल येईपर्यंत काढलेला माणूस दोन कामं बदलून झालेला असे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. परवानगीची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर गेली. यावर मतभेद आहेत आणि मला स्वतःला ती वाढ आवडलेली नाही. पण त्याच संहितेत एक तरतूद आहे जिच्याकडे मी डोळे लावून आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि पंचेचाळीस दिवसांत ते पैसे कामगाराच्या खात्यात जायचे. म्हणजे पुन्हा देणं आलं. देणं आलं की नाव येईल, तारीख येईल, गाव येईल, यादी होईल. ही यादी राज्याने दर महिन्याला गाववार प्रसिद्ध केली, फक्त आकडे, नावं नकोत, तर हुकुमचंदनंतर पहिल्यांदाच या शहराला आपल्या गेलेल्या कामांचा ताजा हिशेब मिळेल. मात्र 'कपात' असं लिहिलं गेलं तरच. 'राजीनामा' लिहिलं की निधी नाही, नावही नाही.

आणि राजीनामाच लिहिला जातो, हे मी घरातच पाहिलं. माझा भाचा सुपर कॉरिडॉरच्या बाजूच्या एका आय.टी. कंपनीत होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याला आणि त्याच्या टीममधल्या इतरांना एकेक करून मीटिंगला बोलावलं. काम समाधानकारक नाही म्हणून काढलं असं लिहून हवं, की स्वतः राजीनामा देता, असं विचारलं. राजीनामा दिला तर अनुभवाचं पत्र नीट मिळेल आणि दोन महिन्यांचा पगार. सगळ्यांनी राजीनामे दिले, दुसरं काय करणार. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो थेट पी.एफ.चं विचारायला. "मावशी, ते एक्झिट डेट टाकतील ना? नाहीतर पुढच्या ठिकाणी अडकतं."

आम्ही दोघांनी पासबुक उघडलं. तारीख अजून पडायची होती. मी त्याला सांगितलं की शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिने थांब, त्यांनी नाही टाकली तर तू स्वतः टाकू शकतोस, आधार जोडलेलं आहे. दोन महिन्यांनी तेच करावं लागलं. मी त्याच्या शेजारी बसले होते. तारीख निवडली, मग कारण. तो यादी वर-खाली करत राहिला आणि मला म्हणाला, "यात माझं कुठलं?"

मी त्याला 'सेसेशन' दाखवलं. त्याच वेळी मला वाटलं, ही यादी दोनच ओळींनी वाढवायला काय लागतं? एक, मालकाने काढलं. दोन, मालकाच्या सांगण्यावरून राजीनामा दिला. कारण सदस्याने स्वतः भरायचं, मालकाने नाही, आणि ते मालकाला दिसायचं नाही. खोटं लिहिण्यात सदस्याचा काही फायदा नाही, कारण त्यावर कुठला पैसा अवलंबून नाही, आणि तो नसेपर्यंत उत्तर बरंचसं खरं येईल. मी हे पी.एफ. संघटनेला लिहून पाठवलं आहे, जुन्या फॉर्म दहाची झेरॉक्स जोडून. जुन्या रकान्याखालची ती बारीक अक्षरातली सूचना लाल पेनने अधोरेखित केली. सोबत आणखी एक मागणी लिहिली: इंदूर, पीथमपूर आणि देवास एकत्र धरून दर महिन्याला तीन आकडे द्या. किती जणांनी सोडलं, किती जणांना काढलं, आणि काढलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांत पूर्वीच्या पगारावर परत लागले. भाच्याला नवं काम मिळालंय, पगार आधीपेक्षा कमी आहे. तिसऱ्या आकड्यात तो बसणार नाही, आणि तो बसला नाही हे कुठेतरी दिसायला हवं.